विहिरीचं पाणी आणि उजेड देणारं प्रथिन

(धाराशिव येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा छापील मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते पाण्याचा जडपणा शिकवताना मुलांना आपापल्या गावातून बाटलीभर पाणी आणायला सांगत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. त्यांच्या नावानं बोलायचं तर विषय पाण्याचाच हवा असं मी ठरवलं. मात्र आज मी त्या पाण्यात एक प्रथिन सोडणार आहे: निळा उजेड पडला की हिरवा उजेड परत देणारं. त्या प्रथिनाकडून विहिरीतल्या विषाची बातमी काढून घेता येईल का, हा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात विचारायला कारण आहे. सोयाबीन, तूर, उडीद, ऊस, द्राक्ष, सगळ्यांवर फवारणी होते. रिकामा डबा विहिरीच्या काठावर विसळला जातो, पंप तिथंच धुतला जातो, आणि फवारणीनंतर जोराचा पाऊस आला तर वावरातलं पाणी उताराला लागतं. गावात जलसुरक्षक असतो. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं आहे. त्यांच्याकडच्या पेटीत सामू, जडपणा, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, उरलेलं क्लोरीन यांच्या चाचण्या असतात. ग्रामपंचायतीला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. पण त्या पेटीत कीटकनाशकाची चाचणी नसते. त्यासाठी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जावा लागतो, यंत्र महागडं असतं, आणि अहवाल हातात पडेपर्यंत ते पाणी पिऊन झालेलं असतं.

याउलट द्राक्षाचं बघा. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळं आपली द्राक्षं युरोपात अडकली आणि बागायतदारांचे हाल झाले. निर्यातीच्या द्राक्षांचा आज बागेपर्यंत माग काढता येतो, त्यांतले विषारी अंश तपासले जातात, आणि त्यासाठी पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात संदर्भ प्रयोगशाळा आहे. ही व्यवस्था चांगली आहे, ती तशीच राहावी. पण परदेशातल्या ताटातलं द्राक्ष जितक्या काळजीनं तपासलं जातं, तितक्या काळजीनं ती बाग खुरपणाऱ्या बाईच्या घागरीतलं पाणी तपासलं जात नाही. ही गोष्ट मला सहन होत नाही, आणि आज मी इथं उभा आहे तो त्याचमुळं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रांत वाचलं. ती बाधा अंगावर उडालेल्या आणि श्वासातून गेलेल्या औषधाची होती, पाण्यातली नव्हती. तरी ज्या गटातल्या रसायनांची चर्चा तेव्हा झाली, त्यांतली बरीच आपल्याही दुकानांत मिळतात.

किती बारीक मोजायचं आहे, तेही सांगतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मोनोक्रोटोफॉसची मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे दहा लाख लिटर पाण्यात एक ग्रॅम. एखाद्या मोठ्या विहिरीत अडीच लाख लिटर पाणी असेल, तर पाव ग्रॅम विषानं ती मर्यादा गाठली जाते. मिथाइल पॅराथिऑनची मर्यादा त्याहून कडक, ०.३ मायक्रोग्रॅम. डोळ्याला, जिभेला, नाकाला हे कळणं शक्य नाही.

सजीवाकडून पाणी तपासून घेणं आपल्याला नवं नाही. पावसाळ्यात गावात जी छोटी बाटली वापरतात, पाणी भरून ठेवलं आणि काळं पडलं तर पाणी दूषित, ती पद्धत १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. विष्ठेसोबत येणारे जिवाणू त्या बाटलीतल्या गंधकयुक्त क्षारापासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात आणि तो लोहाशी मिळून काळा साका बनतो. ही बाटली वीज मागत नाही, शीतपेटी मागत नाही, इंग्रजी अहवाल मागत नाही. आपण जे काही नवं बनवू, त्याची तुलना या बाटलीशी व्हायला हवी.

कीटकनाशकाच्या बाबतीत असं काम महाराष्ट्रात झालेलं आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एस. एफ. डिसोझा, जितेंद्र कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली मिथाइल पॅराथिऑन ओळखणारा जिवाणूंचा संवेदक प्रसिद्ध केला. फ्लॅव्होबॅक्टेरियम जातीच्या जिवाणूंच्या पेशी त्यांनी काचतंतूंच्या गाळणकागदावर बसवल्या. या जिवाणूकडं एक विकर असतं, ऑर्गॅनोफॉस्फरस हायड्रोलेज. ते मिथाइल पॅराथिऑनचा रेणू तोडतं आणि त्यातून पॅरा-नायट्रोफिनॉल हा पिवळा पदार्थ सुटतो. तो ४१० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतो, म्हणून किती प्रकाश गडप झाला यावरून विष किती होतं ते कळतं. २०१० साली याच गटानं स्फिंगोमोनास जातीचे जिवाणू वापरून हीच गोष्ट पुन्हा वापरता येईल अशा तबकडीवर केली.

हे विकर आलं कुठून, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. एन. सेतुनाथन आणि योशिदा यांनी १९७३ साली फिलिपिन्समधल्या भातखाचरांतून असा जिवाणू वेगळा केला. त्या खाचरांत डायझिनॉन वापरलं जात होतं. माणसानं बनवलेलं विष मातीत पडलं आणि मातीतल्या एका जिवाणूनं ते आपलं अन्न करून घेतलं. आपल्या काळ्या रानात वर्षानुवर्षं औषध पडतं आहे, तिथंही असे जीव असणारच असं मी मानतो. ते शोधायला मोठं यंत्र लागत नाही. माती, जिवाणू वाढवायची तबकडी आणि चिकाटी एवढं पुरतं.

भाभा केंद्राच्या या संवेदकाला दोन अडचणी आहेत. पहिली, पिवळा रंग ज्या रेणूत नायट्रोफिनॉल आहे त्याच्याकडूनच मिळतो. मिथाइल पॅराथिऑनवर आपल्या देशात २०१८ साली बंदी आली, आणि मोनोक्रोटोफॉस तोडलं तरी पिवळा रंग सुटत नाही. दुसरी अडचण, अशा संवेदकांची पकड मायक्रोमोलच्या घरात असते आणि ती पाण्याच्या मानकापेक्षा कितीतरी पट ढोबळ आहे. विहिरीत डबा सांडला तर कळेल. झिरपत आलेला अंश कळायचा असेल तर आधी पाणी आटवून, शोषकावर धरून विष एकवटावं लागेल. म्हणून रंगाऐवजी प्रकाशाकडं वळायचं. रंग मोजताना भरपूर उजेडातून थोडासा कमी झालेला उजेड शोधावा लागतो. प्रथिनाची चमक मोजताना अंधारात उमटलेला उजेड शोधायचा असतो, आणि ते फार कमी मात्रेतही जमतं.

आता या प्रथिनाची गोष्ट. ओसामू शिमोमुरा सोळा वर्षांचे असताना नागासाकीवर बाँब पडला, तेव्हा ते जवळच इसाहायाला होते. पुढं ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले आणि १९६१ च्या उन्हाळ्यात फ्रायडे हार्बर या समुद्रकाठच्या ठिकाणी चमकणारे जेलीफिश गोळा करू लागले. चमकणारा पदार्थ काढताना तो चमकून संपून जाई. त्यांनी आम्ल घालून चमक थांबवली. मग उरलेला अर्क सिंकमध्ये ओतला आणि सिंक निळ्या उजेडानं भरून गेलं. त्या सिंकमध्ये मत्स्यालयातलं समुद्राचं पाणी पडत होतं. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम असतं, आणि हे प्रथिन, एक्वोरिन, कॅल्शियम भेटताच उजळतं. माझ्या दृष्टीनं प्रथिनाच्या उजेडावर चालणारा पहिला संवेदक त्या सिंकमध्ये सापडला. एक्वोरिनसोबत त्यांना आणखी एक प्रथिन मिळालं, जे निळा उजेड घेऊन हिरवा देत होतं. १९६२ च्या निबंधात त्याचा उल्लेख जाता जाता आलेला आहे. आज जगभर ते जीएफपी म्हणून ओळखलं जातं.

१९९२ साली डग्लस प्रॅशर यांनी त्याचा जनुक वेगळा केला. पुढच्या कामासाठी त्यांना निधी मिळाला नाही, तेव्हा तो जनुक त्यांनी मार्टिन चॅल्फी आणि रॉजर चेन यांना देऊन टाकला. चॅल्फींनी १९९४ साली तो जिवाणूत आणि एका सूक्ष्म कृमीत घालून दाखवला आणि ते जीव हिरवे उजळले. चेन यांनी त्यात बदल करून तो तेजस्वी आणि अनेक रंगांचा केला. २००८ साली शिमोमुरा, चॅल्फी आणि चेन यांना नोबेल मिळालं. प्रॅशर तेव्हा अलाबामा राज्यात एका मोटारविक्रेत्याकडं गाडी चालवत होते. तिघांनीही त्यांचं ऋण जाहीरपणे मानलं, आणि चॅल्फी व चेन यांनी त्यांना समारंभाला नेलं. जनुक पेटीत कुलूपबंद न ठेवता ज्यांना पुढचं करता येईल त्यांना तो पाठवणारा हा माणूस इथं बसलेल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

जीएफपी २३८ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे. ६५, ६६ आणि ६७ क्रमांकांची तीन अमिनो आम्लं आपसांत जुळून उजेड देणारा भाग तयार करतात, त्यासाठी ऑक्सिजन लागतो. त्याभोवती अकरा पट्ट्यांचं पिंप असतं. कंदिलाची काच ज्योतीला वाऱ्यापासून सांभाळते, तसं हे पिंप आतल्या भागाला पाण्यापासून सांभाळतं. पाणी आत शिरलं की उजेड मावळतो. संवेदक बनवणाऱ्यांनी या काचेला मुद्दाम भोक पाडलं. प्रथिनाची मूळ दोन टोकं एकमेकांना जोडली, ज्योतीजवळ नवी टोकं उघडली आणि त्या टोकांना ओळखणारं प्रथिन बसवलं. २००१ साली जपानमध्ये नाकाई आणि सहकाऱ्यांनी असा जीकॅम्प नावाचा संवेदक केला. त्यात एका टोकाला कॅल्मोड्युलिन आणि दुसऱ्या टोकाला त्याला धरणारा एक छोटा प्रथिनतुकडा आहे. कॅल्शियम आलं की दोघं एकमेकांना मिठी मारतात, भोक बुजतं आणि उजेड वाढतो. मेंदूतल्या पेशी विचार करताना कशा उजळतात, ते आज याच प्रथिनाच्या पुढच्या आवृत्त्यांनी दिसतं. २०१३ साली याच धर्तीवर ग्लुटामेट ओळखणारा संवेदक आला. त्यासाठी जिवाणूच्या आवरणाजवळ अन्न पकडणारं प्रथिन घेतलं होतं, जे पकडताना मिटतं.

ओळखणारा भाग सापडतो, उजळणारा भाग बाजारात मिळतो. खरं काम सांध्यात असतं. दोन भागांमध्ये कोणती दोन-चार अमिनो आम्लं ठेवायची यावर उजेड दुप्पट होईल की काहीच होणार नाही ते ठरतं, आणि आज संगणकानं कितीही सांगितलं तरी शेवटी शेकडो बदल करून, प्रत्येकाची चमक बघूनच निवड करावी लागते.

आता आपल्या विहिरीसाठी मनातल्या मनात एक रचना करू. हायड्रोलेज विष तोडतं तेव्हा आम्लाचे कण सुटतात. १९९८ साली फ्ल्यूओरिन नावाची जीएफपीची रूपं आली, त्यांची चमक सामूप्रमाणे बदलते. त्यांतल्या एका रूपाला जांभळट आणि निळा अशा दोन उजेडांनी आळीपाळीनं विचारता येतं आणि दोन उत्तरांचं गुणोत्तर काढता येतं, त्यामुळं नळीत प्रथिन थोडं कमी-जास्त पडलं तरी चालतं. हायड्रोलेजला हे प्रथिन जोडलं की संवेदक तयार. कागदावर ही रचना सुंदर दिसते आणि प्रयोगशाळेच्या शुद्ध पाण्यात ती चालेलही.

बेसॉल्टच्या खडकातून आलेल्या जड पाण्यात ती चालणार नाही. अशा पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. पाण्याची अल्कता लिटरमागे ३०० मिलिग्रॅम असेल, तर त्यात आम्ल पचवण्याची ताकद सुमारे ६ मिलिमोल आहे. विषातून सुटणारं आम्ल मायक्रोमोलमध्ये. हजारो पटींचा फरक. सगळं आम्ल पाणी गिळून टाकेल, सामू जागचा हलणार नाही आणि प्रथिन सांगेल, पाणी स्वच्छ आहे. म्हणून मी आज ज्या एका गोष्टीचा आग्रह धरतो आहे ती ही: संवेदकाची रचना विहिरीपासून सुरू व्हायला हवी. पाणी किती जड, किती गढूळ, मे महिन्यात खोलीत किती ऊन, नळी कोणाच्या हातात, हे आधी, प्रथिन नंतर. इथं सामूवर विसंबणारा मार्ग सोडून मिटणाऱ्या प्रथिनाचा मार्ग धरावा लागेल. तो लांबचा आहे.

गढूळपणाचंही तसंच. शेवाळ, पालापाचोळ्याचा अर्क, हे सगळं निळ्या उजेडात स्वतःही थोडं चमकतं. संवेदकाची चमक त्यात हरवते. इथं प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या प्रथिनांचा खरा उपयोग आहे. २००४ साली जपानमध्ये आंदो, मिझुनो आणि मियावाकी यांनी प्रवाळापासून ड्रोन्पा हे प्रथिन तयार केलं. ते निळ्या उजेडानं विझतं आणि जांभळ्या उजेडानं पुन्हा जागं होतं. असं प्रथिन आपण ठरावीक तालात चालू-बंद केलं, तर त्या तालात चमकणारा उजेड आपल्या संवेदकाचा आणि तालाबाहेरचा उजेड शेवाळाचा, असं वेगळं करता येतं. ही युक्ती २००८ साली जिवंत पेशींत करून दाखवली गेली. दोन रंगांचे एलईडी, एक गाळणी आणि मोबाइलचा कॅमेरा यांतून ती विहिरीच्या काठावर आणता येण्याजोगी आहे, असं मला वाटतं.

चूक कोणत्या बाजूला होऊ द्यायची, हा आणखी एक प्रश्न आहे, आणि तो मला सगळ्यांत गंभीर वाटतो. कीटकनाशक आपल्या मज्जातंतूंमधलं ज्या विकराला मारतं, ते ॲसिटिलकोलिनएस्टरेजही ओळखणारा भाग म्हणून वापरतात. विष असेल तर विकर थांबतं, खूण उमटत नाही. उन्हानं विकर आधीच मेलेलं असेल तरी खूण उमटत नाही, आणि चाचणी खोटंच विष सांगते. हायड्रोलेजचा संवेदक मेला तर उलट होतं: तो गप्प बसतो आणि आपण पाणी पितो. मेलेला संवेदक पाणी स्वच्छ असल्याचं सांगणार असेल, तर तशी चाचणी गावाच्या हातात देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. दर वेळी शेजारी दुसरी नळी हवीच, तिच्यात ठाऊक असलेली खूण घातलेली. ती उजळली तरच पहिल्या नळीचं ऐकायचं.

जिवंत, जनुक बदललेले जिवाणू गावोगाव वाटणं हेही योग्य नाही. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ साली नियम झाले आहेत, अशा जिवांना परवानगीशिवाय मोकळं सोडता येत नाही, आणि ते रास्तच आहे. त्यावरचा मार्ग म्हणजे पेशीशिवाय चालणारी चाचणी. पेशीतलं यंत्र काढून, गोठवून सुकवून कागदावर किंवा नळीत ठेवायचं. पाणी पडलं की ते जागं होतं. २०१४ साली अमेरिकेत कॉलिन्स यांच्या गटानं कागदावर हे दाखवलं. फ्लोराइडसाठी अशी नळी लक्स यांच्या गटानं केली आणि कोस्टारिकात प्रत्यक्ष पाण्यावर वापरली. त्यांनी जीएफपीही वापरून पाहिलं आणि साध्या डोळ्यांना दिसेल असा पिवळा रंगही. त्या नळीची रेघ लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास होती. आपल्या मानकात १ मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसेल तर १.५. म्हणजे दुसऱ्या देशासाठी आखलेली नळी आपल्याकडं जशीच्या तशी आणली, तर दीड ते दोनच्या मधलं पाणी ती पास करेल. ही रेघ आपल्याला आपल्यासाठी ओढावी लागेल.

मग आज, या सभागृहातून बाहेर पडल्यावर काय करता येईल? विद्यापीठाचं उपकेंद्र धाराशिवात आहे, तालुक्यांना विज्ञानाची महाविद्यालयं आहेत. जनुक बदलायच्या आधीची कामं तिथं आजही होऊ शकतात. आपल्या गावातल्या विहिरी आणि बोअर निवडा, पावसाळ्याआधी आणि नंतर त्यांची अल्कता, जडपणा, गढूळपणा मोजा. त्याच पाण्यावर निळा उजेड टाका, पिवळ्या गाळणीतून छायाचित्र घ्या आणि ते पाणी स्वतःच किती चमकतं त्याची नोंद ठेवा. त्यासाठी लागणारी पेटी साधी आहे, विद्यार्थी बनवू शकतात. ज्या वावरात जास्त फवारणी होते तिथली माती घ्या आणि तिच्यातले कोणते जिवाणू औषधावर वाढतात ते बघा. उद्या मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेत कुणी असं प्रथिन घडवलं, तर त्याला आपल्या पाण्याचा हा तक्ता लागेल, आणि तो आपल्याशिवाय दुसरं कुणी करून ठेवणार नाही.

ग्रामपंचायतीनं एक ठराव आधीच करून ठेवावा. नळी उजळली तर त्या दिवसापासून त्या विहिरीचं पाणी पिण्यासाठी बंद, नमुना भूजल यंत्रणेच्या प्रयोगशाळेमार्फत कीटकनाशकाच्या तपासणीला पाठवायचा, अहवाल येईपर्यंत टँकर कुठून येणार आणि पैसे कोणत्या खात्यातून देणार, हे सगळं नावानिशी लिहून ठेवायचं. ज्या शेतकऱ्याच्या वावरालगत ती विहीर आहे त्याला गुन्हेगार ठरवायचं नाही, हेही त्यातच लिहायचं, नाहीतर पुढच्या वर्षी कुणी नमुनाच भरू देणार नाही. आणि फवारणीचा पंप व रिकामे डबे धुवायला पाण्यापासून लांब एक जागा आखून द्यावी. त्यासाठी कुठल्याही प्रथिनाची वाट पाहायला नको.

आता तुमचे प्रश्न घेतो. जलसुरक्षक म्हणून काम करणाऱ्या ताई आधी बोलल्या तर मला जास्त आवडेल.